पोथी आणि पुस्तक

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रोवणीचे दिवस होते, त्यामुळे वर्गात मुले थोडी. अशा वेळी धडा पुढे रेटण्यात अर्थ नसतो. मी वही उघडली आणि आठवीच्या मुलांना लीळाचरित्रातील सशाची लीळा सांगावयास घेतली. गोष्ट लहानशीच आहे. पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठीस लागून दमविलेला एक ससा धावत येतो आणि चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो. मागून पारधी येतात, ससा मागतात. तो शरण आलेला आहे, असे स्वामी सांगतात. थोडे बोलणे होते आणि पारधी निघून जातात. मग स्वामी गुडघा उचलतात आणि सशाला, तो जणू कोणी थोर अधिकारी पुरुष असावा अशा आदराने, आता जाण्यास सांगतात. संपली गोष्ट.

मी वही मिटतो न मिटतो तोच मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याचे घर जंगलाच्या कडेला. मोहफुले वेचण्यापासून तेंदूपाने तोडण्यापर्यंत सारे त्याला येते. तो म्हणाला, "गुरुजी, हे खोटं आहे. ससा माणसाच्या अंगावर येत नाई. कुत्रा मांगं असला तरी झुडपात जाते." त्याचे वाक्य पुरे होण्याच्या आतच दुसरा मुलगा उठला. एरवी हा मुलगा कधी बोलत नसे. "खरं आहे," तो म्हणाला, "ही लीरा आमच्या पोथीत आहे." आमच्या झाडीपट्टीच्या जिभेवर ळ चढत नाही, त्याचा र होतो, म्हणून ती 'लीरा'.

सारा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी गेली वीस वर्षे मास्तरकी करीत आहे. अशा वेळी कोणते उत्तर द्यावयाचे ते तोंडात तयार असते. मी म्हणालो, "अरे, हे वाङ्मय आहे. वाङ्मयात खरे-खोटे पाहावयाचे नसते. त्यातील गोडी पाहावयाची." दोघेही खाली बसले. एकाचे समाधान झाले नाही आणि दुसऱ्याचे मन दुखावले, हे मला दिसत होते. तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो.

त्या उत्तराने मला पुढे बरेच दिवस चैन पडू दिले नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या असल्या तरी पंडितांच्या पंक्तीत बसण्याचा माझा अधिकार नाही. तथापि जो मनुष्य मुलांपुढे ग्रंथ उघडतो, त्याला त्या ग्रंथाविषयी काहीतरी भूमिका घ्यावी लागतेच. श्रद्धेने लिहिलेला ग्रंथ श्रद्धेवाचून वाचावा काय? वर्गात तो पोथी म्हणून शिकवावा की पुस्तक म्हणून? आणि ज्या घरात तो ग्रंथ डोक्याला लावून उघडला जातो, त्या घरचे मूल बाकावर बसले असता शिक्षकाने काय करावे? ह्या तीन प्रश्नांचाच विचार येथे करावयाचा आहे.

*

लीळाचरित्राचा आणि आमच्या भंडाऱ्याचा संबंध जुना आहे. चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतील. पण वावरले महाराष्ट्रात आणि बोलले मराठीत. त्यांच्या भ्रमंतीत ते भंडाऱ्यास आले, तेव्हा येथील नीळभट्ट त्यांना भेटले आणि घरदार सोडून त्यांच्यामागे निघाले. महानुभावांच्या परंपरेत नीळभट्ट भांडारेकार हे नाव फार आदराने घेतले जाते. रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंचे दर्शन होताच त्यांनी देह ठेवला असे परंपरा सांगते. वैनगंगेच्या काठचा एक माणूस मराठीतील पहिल्या मोठ्या गद्यग्रंथात असा चालताबोलता उभा आहे, आणि आमच्यापैकी कितीकांना त्याचे नावही ठाऊक नाही!

स्वामी गेल्यानंतर त्यांच्या आठवणी एकत्र करण्याचे काम म्हाइंभटांनी अंगावर घेतले. हे म्हाइंभट सराळ्याचे, शास्त्रात निपुण, आपल्या विद्वत्तेच्या भरात स्वामींशी वाद करावयास आले आणि त्यांचेच होऊन राहिले. शके १२०० म्हणजे इसवी सन १२७८ च्या सुमारास त्यांनी हे काम केले असे मानतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे त्यानंतर बारा वर्षांनी. नागदेवाचार्यांच्या सल्ल्याने म्हाइंभट ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे गेले, एकेकाची आठवण ऐकून घेतली, पडताळून पाहिली आणि मग लिहिली. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि ती अनेकांच्या स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली, असेही परंपरा सांगते. त्या उभारणीतही हाच दंडक दिसतो. एकाची आठवण एक सांगे, दुसऱ्याची दुसरे, तर दोन्ही नोंदवावयाच्या आणि कोणाचे म्हणणे कोणते ते नावानिशी सांगावयाचे.

आता ह्या ग्रंथाचे गद्य पाहा. वाक्ये छोटी, कोण आले, कोण काय बोलले, स्वामी कोणत्या देवळात उतरले, कोठे बसले, काय आरोगिले, कोणाची थट्टा केली, कोणावर रागावले, ह्या साऱ्याची नोंद. अलंकार नाही, पाल्हाळ नाही. पुराणांत देव आला की फुलांची वृष्टी होते, दुंदुभी वाजतात. येथे देव आला की कोणी तरी त्याच्यासाठी पाणी तापवते. आमचे टीकाकार ह्या शैलीला 'वास्तव' म्हणतात, तिचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण हे वास्तव आले कोठून, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

माझ्या मते ते श्रद्धेतूनच आले. महानुभावांच्या धर्मात परमेश्वराच्या अवताराचे नाम, रूप आणि लीळा यांचे स्मरण ही साधना आहे. जे स्मरावयाचे ते खरे असले पाहिजे. चुकीचे स्मरण म्हणजे चुकीच्या देवाची पूजा. स्वामी उजवीकडे बसले होते की डावीकडे, हे आपल्याला क्षुल्लक वाटते. परंतु ज्याला ते दृश्य डोळे मिटून जन्मभर आठवावयाचे आहे, त्याला ते क्षुल्लक कसे वाटेल? स्वामींचा ज्या ज्या जागी वास झाला त्या जागांची स्वतंत्र पोथी ह्या पंथाने लिहून ठेवली, तीही ह्याच ओढीने. कथेत खोटे मिसळू नये, पदरचे घालू नये, ही जी शिस्त आजचा कादंबरीकार मोठ्या कष्टाने शिकतो, ती म्हाइंभटांना भक्तीने शिकविली. म्हणजे ज्या गुणासाठी आपण ह्या ग्रंथाला वाङ्मय म्हणतो, तो गुणच श्रद्धेच्या पोटी जन्मला आहे. श्रद्धा बाजूस सारून त्या गद्याचे कौतुक करणे म्हणजे विहिरीकडे पाठ करून पाण्याची चव वाखाणणे होय.

हेच भाषेच्या बाबतीत. केसोबास हे संस्कृताचे मोठे अधिकारी. पंथाचा विचार संस्कृतात मांडण्याचा त्यांचा मानस होता. नागदेवाचार्यांनी त्यांना अडविले. आमच्या पंथातील म्हाताऱ्या बायाबापड्यांनी मग काय करावे, असा त्यांचा सवाल होता. संस्कृत लिहिण्याची ऐपत असलेल्या विद्वानाने म्हाताऱ्यांसाठी मराठी लिहावे, हा निर्णय वाङ्मयीन नव्हे, धार्मिक आहे. पण त्याचे फळ वाङ्मयाच्या पदरात पडले. ह्याच पंथात महदाइसेने धवळे रचले आणि मराठीला पहिली ज्ञात कवयित्री मिळाली. पुढे तीन शतकांनी गोव्यात फादर स्टीफन्स ह्या इंग्रज पाद्र्यानेही हेच केले. आपल्या धर्माची कथा लोकांना कळावी म्हणून त्याने मराठीत ओवी रचली आणि १६१६ साली त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. धर्म निराळा, देव निराळा. पण ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलले पाहिजे ही तळमळ एकच.

*

आता नाण्याची दुसरी बाजू. ज्या श्रद्धेने हे वाङ्मय लिहिले, तिनेच ते कुलपात घातले. आपल्या पोथ्या परक्यांच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये म्हणून महानुभावांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या योजल्या आणि त्यांत ग्रंथ उतरून काढले. त्यामुळे पोथ्या वाचल्या हे खरे. पण त्या साऱ्या महाराष्ट्राला शेकडो वर्षे मुक्या राहिल्या. बाहेरच्यांना आतले दिसेना, आणि न दिसणाऱ्या वस्तूविषयी माणूस वाईटच कल्पितो. काळी वस्त्रे घालणारे, आपले ग्रंथ लपविणारे हे लोक कोण, असा संशय वाढत गेला. त्याची साक्ष आपल्या भाषेतच आहे. 'मानभावी' हा शब्द आपण सर्रास वापरतो: वरून गोड, आतून कपटी, असा त्याचा अर्थ. तो आला 'मानभाव' ह्यावरून, म्हणजे महानुभाव ह्या नावावरून. एका समाजाच्या नावाचीच आपण शिवी केली आणि ती शब्दकोशात घालून विसरूनही गेलो.

येथे मला माझा स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. मी वारकरी घरातला. आमच्याकडे संध्याकाळी हरिपाठ होई आणि मानभावांविषयी जे बोलले जाई ते चांगले नसे. माझ्या पहिल्या कादंबरीत एक काळ्या वस्त्रांतला बुवा आहे. तो गोड बोलतो आणि एका विधवेची जमीन लुबाडतो. त्याच्या नावामागे मी तीन ठिकाणी 'मानभावी' हे विशेषण लावले आहे. ते लिहिताना मला वाटले होते की आपण ढोंगावर कोरडे ओढीत आहोत. खरे म्हणजे मी एकही महानुभाव घर आतून पाहिलेले नव्हते. ते पात्र मी पाहून लिहिले नाही, ऐकून लिहिले. आणि म्हाइंभटांप्रमाणे कोणाकडून ऐकले तेही सांगितले नाही. म्हणूनच ते पात्र मेलेले आहे. एका वाचकाने मला तसे पत्र पाठविले होते, तेव्हा मी त्याच्यावर रागावलो होतो.

दुसरा दोष वर्गातला. सशाच्या त्या तासानंतर आठवड्याभराने मी मुलांना काही विशेषणे फळ्यावर लिहून दिली आणि वाक्यात उपयोग करावयास सांगितले. माझ्या हाताच्या सवयीने त्यात 'मानभावी' हाही शब्द लिहिला गेला. वह्या तपासताना त्या अबोल मुलाची वही आली. नऊ वाक्ये नीटनेटकी लिहिलेली. दहाव्या शब्दापुढची जागा कोरी. उत्तर येत नसते तर त्याने खाडाखोड केली असती. त्या कोऱ्या जागेपुढे लाल शाईने काय लिहावे ते मला सुचले नाही.

*

कुलूप उघडले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, वि. ल. भाव्यांनी ह्या भांडाराकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले. नंतरचे बरेचसे काम आमच्या विदर्भात झाले हे सांगताना कोणाही वैदर्भीयाला अभिमान वाटेल. यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ साली निघाले, नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी लीळाचरित्राचे भाग छापले, पुढे शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी संपादने केली. बंद दाराआडची पोथी अशा रीतीने पुस्तक होऊन बाहेर आली. २०२४ साली तर रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले.

परंतु पोथीचे पुस्तक झाले की तिचे दोन धनी होतात, आणि दोघांचे पटतेच असे नाही. कोलत्यांचे लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यातील काही लीळांवर पंथातून तीव्र आक्षेप आले आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. संशोधक म्हणणार, पोथ्यांत जे आहे ते मी छापले. भक्त म्हणणार, ज्या पोथ्यांवर आमचा विश्वास नाही त्यांतले आमच्या देवाविषयी तुम्ही का छापता? मी दोघांचेही ऐकतो. ज्याने आयुष्य पोथ्या चाळण्यात घातले त्याच्या श्रमावर संशय घेणे मला पटत नाही. आणि ज्याचे दैवत त्या पानांत आहे त्याच्या दुखण्याला अडाणीपणा म्हणणेही पटत नाही. एक गोष्ट मात्र दोघांनीही ध्यानात घ्यावी. पाठभेद नोंदविण्याची रीत विद्यापीठांतून पंथात आलेली नाही. ती म्हाइंभटांच्या मार्गाने चालणाऱ्यांनी आधीच घालून दिली होती. भक्ती आणि चिकित्सा ह्या एका माणसाच्या ठायी सुखाने नांदू शकतात. नाथांचेच पाहा ना. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, भ्रष्ट पाठ काढले, आणि येथे कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले. त्यांच्याहून मोठा भक्त कोण आणि त्यांच्याहून दक्ष संपादक तरी कोण?

आपल्याकडे वाङ्मय वाचण्याच्या तीन तऱ्हा प्रचलित आहेत. पारायण करणारा पुण्यासाठी वाचतो. 'कलेसाठी कला' म्हणणारा गोडीसाठी वाचतो. माझे वर्गातले उत्तर त्याच्याकडून उसने घेतलेले. तिसरा समाजासाठी वाचतो, गं. बा. सरदारांनी १९५० साली संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती मांडली, तेव्हापासून ती दृष्टी आपल्या अंगवळणी पडली. तिन्ही तऱ्हांना आपापले स्थान आहे. पण तिघेही एक प्रश्न ओलांडून जातात, आणि तोच त्या रानातल्या मुलाने विचारला होता: हे झाले काय? भक्ताला तो पाप वाटतो, रसिकाला अरसिकपणा वाटतो, समाजचिंतकाला गौण वाटतो. मूळ लेखकाला मात्र तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटत होता.

*

हे मला ज्या बाईने समजाविले ती कोणी विदुषी नव्हे. त्या अबोल मुलाची आजी. वहीतली कोरी जागा पाहिल्यावर मी एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. "दंडवत, गुरुजी," म्हणून तिने चटई टाकली. चहा झाला. मी वर्गातला शब्द चुकला असे कसेबसे म्हणालो. तिने त्याला फारसे महत्त्व दिले नाही. असे शब्द ती जन्मभर ऐकत आली होती. मग ती म्हणाली, "नातवानं सांगतलं, वर्गात तुमी म्हटलं का खरं-खोटं पाहाचं नाई म्हने. गुरुजी, आमच्या म्हाइंभटानं तं तेच पाहत पाहत लिहलं." हात धुऊन तिने फडताळातून कापडात बांधलेला ग्रंथ काढला, कपाळाला लावला आणि माझ्यापुढे ठेवला. पोथी कसली, छापील पुस्तकच होते ते. माझ्या कपाटातही तेच आहे. पण कापडात बांधलेले नाही, आणि मी ते कधी हात धुऊन उघडलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी सशाची लीळा पुन्हा सांगितली. ह्या वेळी आधी हे सांगितले की हा ग्रंथ काही लोकांच्या देवाचा आहे, आणि त्यांतला एक जण ह्या वर्गात आहे. मग म्हाइंभट कसे गावोगाव फिरले, कोणाकोणाला विचारीत गेले, ते सांगितले. नंतर फळ्याचे दोन भाग केले. एका बाजूस रानातल्या मुलाचे नाव लिहून त्याखाली त्याची साक्ष लिहिली: ससा माणसाजवळ येत नाही, झुडपात जातो. दुसऱ्या बाजूस दुसऱ्याचे नाव आणि त्याची साक्ष: ससा आला, असे पाहणाऱ्यांनी सांगितले आणि आमच्याकडे ते जपून ठेवले आहे. म्हाइंभट आज असते तर त्यांनी दोन्ही लिहून घेतले असते, असे मी म्हणालो. मुलांनी तासभर वाद घातला. माझ्या वर्गात इतके बोलणे क्वचितच होते. शेवटी रानातला मुलगा डोके खाजवीत म्हणाला, "दमला असला, अन् झुडूपच नसलं, तं येईल बी." दुसरा त्याच्याकडे पाहून हसला.

कोणी म्हणेल, ह्यात श्रद्धेचा प्रश्न सुटला कोठे? सुटला नाही. तो सोडविणे मास्तराचे कामच नव्हे. वर्गात मी मुलाला भक्त करू नये आणि त्याची भक्ती काढूनही घेऊ नये. ग्रंथ कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, काय जपण्यासाठी लिहिला, एवढे प्रामाणिकपणे सांगावे. आणि मुलाला शंका विचारू द्यावी, कारण शंका विचारण्याची रीत त्याच ग्रंथात आहे. लेखक म्हणून माझ्या वाट्याला आलेला धडा अधिक कडू आहे. त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली तर तीन ठिकाणचा शब्द खोडणे सोपे आहे. पण तेवढ्याने भागणार नाही. तो माणूसच पुन्हा लिहावा लागेल, आणि त्याआधी कुठल्या तरी ओसरीवर बसून पुष्कळ ऐकून घ्यावे लागेल.

दिवाळीची साफसफाई आपल्या घरोघर नुकतीच झाली असेल. फडताळावरचे ते कापडातले गाठोडेही कोणी तरी खाली काढले असेल, धूळ झटकली असेल आणि पुन्हा वर ठेवले असेल. कोणाची ज्ञानेश्वरी, कोणाचे लीळाचरित्र, कोणाचे बायबल, कोणाचा बुद्ध आणि त्यांचा धम्म. सुटीचे चार दिवस हाताशी आहेत. गाठ सोडावी, घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवावे आणि दोन पाने मोठ्याने वाचावी. जमल्यास शेजारच्या घरातले गाठोडेही, त्यांची परवानगी मागून, एकदा उघडून पाहावे. आणि एखादे पोर मध्येच उठून "हे खरं आहे का?" असे विचारील तर त्याला गप्प बसवू नये.